तुम्ही आणखी काय शिकवता?

पहिल्या संध्याकाळची गोष्ट. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिक्षकांच्या कार्यक्रमाला गेले होते. तिथल्या कँटीनमध्ये ताट घेऊन बसले होते, समोर एक जर्मन शिक्षक होता. नाव-गाव सांगून झालं, प्रवास कसा झाला ते विचारून झालं, आणि मग त्याने सहज विचारलं, "तुम्ही आणखी काय शिकवता?"

मी म्हटलं, "फिजिक्स."

"ते तर इथे सगळेच शिकवतात. त्याच्या जोडीला काय?"

"जोडीला काही नाही. अकरावी-बारावीला फक्त फिजिक्स."

त्याला नवल वाटलं, आणि त्याला नवल वाटल्याचं मला. मग त्याने समजावून सांगितलं. जर्मनीत शाळेत शिकवायचं तर साधारणपणे दोन विषयांची तयारी लागते. विद्यापीठात दोन्ही विषय शिकायचे, मग दीड-दोन वर्षं शाळेत अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली उमेदवारी करायची. या उमेदवारीला ते रेफरेंडारियाट म्हणतात. त्यानंतर आणखी एक सरकारी परीक्षा, आणि मग पक्की नोकरी. त्याचा दुसरा विषय होता खेळ.

आमच्याकडे पीटीचे सर आणि फिजिक्सचे सर स्टाफरूमच्या दोन टोकांना बसतात. या गृहस्थांच्या अंगात ती दोन्ही माणसं एकत्र नांदत होती. मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे एखादी वस्तू गरगर फिरवायला किती जड जाते ते, शिकवायची वेळ आली की ते वर्ग जिमखान्यात नेतात. एक मुलगा हातपाय पोटाशी घेऊन कोलांटी मारतो, दुसरा अंग ताठ ठेवून मारायला बघतो. कोण लवकर फिरतो आणि का, हे मुलांना आधी अंगात कळतं, सूत्र नंतर फळ्यावर येतं. मी तोच धडा वीस वर्षं शिकवत आलेय. आधी सूत्र, मग चकती, मग कडं, मग भरीव गोल.

सर्न म्हणजे जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर वसलेली कणभौतिकीची प्रयोगशाळा. जमिनीखाली सरासरी शंभर मीटरवर तिचा सत्तावीस किलोमीटरचा गोल बोगदा आहे, त्यात कण पळवून एकमेकांवर आदळवतात. २०१२ च्या जुलैत हिग्ज कण, म्हणजे मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं त्याच्याशी जोडलेला कण, सापडल्याची बातमी इथूनच आली. १९९८ पासून उन्हाळ्यात इथे जगभरातल्या शाळांतले भौतिकशास्त्राचे शिक्षक बोलावले जातात. व्याख्यानं असतात, प्रयोग असतात, यंत्रं जवळून बघायला मिळतात. बोगद्यातल्या मुख्य चुंबकांसारखाच एक वर ठेवलाय, पंधरा मीटर लांबीचा, पस्तीस टनांचा. असे १,२३२ चुंबक खाली ज्या जॅकवर तोलून धरलेत ते जॅक भारतातून गेलेले आहेत हे ऐकल्यावर ऊर भरून आला. पण खरं सांगते, परत येताना माझ्या वहीत यंत्रांपेक्षा माणसं जास्त होती. त्या पहिल्या संध्याकाळनंतर भेटेल त्या शिक्षकाला मी तोच प्रश्न विचारत सुटले. तुम्ही आणखी काय शिकवता?

इटलीहून आलेल्या बाई गणित शिकवायच्या. त्यांच्याकडे 'लिचेओ शिएंतीफिको' नावाची पाच वर्षांची विज्ञानाकडे झुकलेली शाळा असते, आणि तिथे बहुतेक वेळा गणित आणि भौतिकशास्त्र एकाच शिक्षकाकडे असतं. पहिली दोन वर्षं आठवड्याला भौतिकशास्त्राचे दोन तास, पुढची तीन वर्षं तीन-तीन. एकाच वर्गाला त्या वर्षानुवर्षं शिकवतात, त्यामुळे कलन (कॅल्क्युलस) कुठवर आलंय आणि वेगाचा धडा कधी काढायचा, हे त्यांचं त्याच ठरवतात. आमच्याकडे अकरावीच्या पहिल्याच महिन्यात मला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, लागतं, गणिताच्या सरांकडे ते पुढच्या पुस्तकात असतं, आणि मधल्या मध्ये मुलं लटकतात. याच विज्ञानशाळेच्या पारंपरिक शाखेत लॅटिन सक्तीचं आहे, हे ऐकून मात्र मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. तोंडी परीक्षेवर त्यांचा फार भर. पोराला फळ्यापाशी उभं करायचं आणि वर्गासमोर बोलतं करायचं. "लिहिलेलं पाठ असू शकतं, बोलताना माणूस उघडा पडतो," असं त्या म्हणाल्या.

फ्रान्समध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र असा एकच विषय, एकच शिक्षक. फिनलंडचा शिक्षक गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र तिन्ही शिकवायचा, आणि त्याच्या गावात ही नेहमीचीच तिकडी होती.

हळूहळू लक्षात यायला लागलं की ज्या विषयाच्या शेजारी भौतिकशास्त्र बसतं, त्याचा रंग त्याला लागतो. इटलीच्या बाईंना सिद्धता नीट उतरली की समाधान व्हायचं. दक्षिण आफ्रिकेतला सहकारी प्रत्येक गोष्ट अणू-रेणूंपर्यंत न्यायचा. जर्मन गृहस्थ सारखे उठून काहीतरी करून दाखवायचे. आणि मी? मी दरवेळी विचारायचे, "हे परीक्षेत कसं येतं?" चौथ्या-पाचव्या दिवशी हे माझं मलाच ऐकू आलं. माझ्या विषयाशेजारी विषय नव्हता, परीक्षा होती.

एक दुपार मात्र सविस्तर सांगायला हवी. आम्हाला क्लाउड चेंबर, म्हणजे कणांच्या वाटा दाखवणारी पेटी, बनवायचा होता. चार-चार जणांचा गट, एक पारदर्शक प्लास्टिकची पेटी, फेल्ट कापडाची पट्टी, काळा पत्रा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, टॉर्च आणि ड्राय आइस, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. माझ्या गटात केनियाचा एक शिक्षक, फिनलंडचा तो आणि इटलीच्या बाई. पेटीच्या तळाशी फेल्ट बसवायचं, ते अल्कोहोलने चिंब करायचं, पेटी पत्र्यावर पालथी घालायची आणि पत्रा ड्राय आइसवर ठेवायचा. ड्राय आइस उणे अठ्ठ्याहत्तर अंशांवर. वर ऊब, खाली कडाका. वरून उतरणारी अल्कोहोलची वाफ खाली इतकी थंड होते की तिला थेंब व्हायचं असतं, पण थेंब धरायला काही आधार सापडत नाही. अशा वेळी एखादा विद्युतभारित कण त्यातून गेला की वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो आणि मागे भारित अणूंची, म्हणजे आयनांची, माळ ठेवतो. वाफ त्या माळेवर थेंब धरते. कण कधीच गेलेला असतो, दिसते ती त्याची पाऊलवाट.

केनियाच्या शिक्षकाचे हात बघण्यासारखे होते. फेल्टची पट्टी त्याने मोजपट्टी न लावता बरोबर कापली, कडेची फट चिकटपट्टीने मिटवली, टॉर्च आडवा धरायला वहीचं पान दुमडून ठाणवई केली. "तुम्ही हे आधी केलंय?" मी विचारलं. हे नाही, तो म्हणाला, पण बाकी सगळं केलंय. मग त्याने सांगितलं. त्यांच्या चौथ्या फॉर्मच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, बोर्डाच्या परीक्षेत भौतिकशास्त्राचा तिसरा पेपर प्रात्यक्षिकाचा. परीक्षेच्या थोडं आधी शाळेला एक कागद येतो, त्याला ते 'कॉन्फिडेन्शियल' म्हणतात. त्यात प्रश्न नसतात, फक्त साहित्याची यादी असते: मीटरपट्टी, वजनं, सेल, अमुक जाडीची तार. तेवढ्यावर शिक्षकाने प्रत्येक मुलापुढे संच मांडायचा. नसेल ते बनवायचं, उसनं आणायचं, शेजारच्या शाळेला विचारायचं. "माझ्या शाळेत साठ मुलं आणि बारा व्होल्टमीटर होते. त्या एका आठवड्यात मी जितकं भौतिकशास्त्र शिकलो तितकं कॉलेजात शिकलो नाही."

मला आमची प्रात्यक्षिकं आठवली. बारावीला सत्तर मार्कांची लेखी, तीस मार्कांचं प्रात्यक्षिक. जर्नल सर्टिफाइड पाहिजे. आणि कितीतरी ठिकाणी, मीटर ब्रिज हातात यायच्या आधी रीडिंग जर्नलमध्ये येतात, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. ज्या कॉलेजात मी शिकले तिथे रेझोनन्स ट्यूब कपाटाच्या काचेतून दिसायची. कपाटाला कुलूप होतं, फुटली तर भरून द्यावी लागेल म्हणून. आम्ही तिची आकृती मात्र सुबक काढायचो. त्याच्याकडे बारा व्होल्टमीटर होते, पण ते मुलांच्या हातात होते.

दिवे मालवले. दहा मिनिटं काहीच नाही, फक्त तळाशी पावसासारखी बारीक झिमझिम. मग एकदम एक आखूड जाडसर रेघ उमटली, कापसाच्या वातीसारखी. तो अल्फा कण, किरणोत्सर्गी अणूतून निघालेला. मग एक लांब, सरळ, बारीक रेघ, पेटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तो म्युऑन, इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. चौघंही एकाच वेळी ओरडलो, चार भाषांत.

तो म्युऑन आमच्या डोक्यावर सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर, अंतराळातून आलेला कण हवेवर आदळून, जन्मला होता. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तेवढ्यात साडेसहाशे-सातशे मीटर जाईल आणि संपेल. तरी तो खाली पोचतो, कारण इतक्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या दृष्टीने हळू चालतं. हा मुद्दा १९३८ मध्ये लिहून ठेवणाऱ्यांत आपले होमी भाभा होते. तळहात आडवा धरला तर त्यातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो. मी हे शिकवलेलं होतं. पाहिलं त्या दिवशी.

पेटीभोवती वाकलेलो असताना इटलीच्या बाईंनी क्लाउड चेंबर पहिल्यांदा बनवणाऱ्या विल्सनची गोष्ट काढली. सी. टी. आर. विल्सन १८९४ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही दिवस राहिला. तिथे ढगांवर पडलेल्या स्वतःच्या सावलीभोवती रंगांची कडी दिसली. ते प्रयोगशाळेत करून बघावं म्हणून तो बंद भांड्यात ढग बनवायला लागला, आणि त्यातून १९११ मध्ये कणांच्या रेघा दिसल्या. १९२७ ला नोबेल. आम्ही केलेली ड्राय आइसची रीत नंतरची, पण मूळ तेच.

सावलीभोवती रंगांची कडी हे शब्द कानावर पडले आणि मी थेट हरिश्चंद्रगडावर पोचले.

मी अकोले तालुक्यातली. आमच्या शाळेत गणित-विज्ञानाला एकच सर होते. भूगोलाची जागा रिकामी होती म्हणून भूगोलही तेच शिकवायचे. आठवीत असताना पाऊस ओसरल्यावर त्यांनी आम्हाला पाचनईच्या वाटेने गडावर नेलं. रात्री लेण्यांत झोपलो. सकाळी ऊन पाठीशी घेऊन कोकणकड्यावर पालथे पडलो, कारण उभं राहू द्यायला सर तयार नव्हते. खाली दरीत धुकं भरलेलं. आणि त्या धुक्यावर एक अख्खं गोल इंद्रधनुष्य, त्याच्या मधोमध आमच्या डोक्यांच्या सावल्या. इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्याचं वर्णन करून ठेवलंय. सर म्हणाले, "प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतंय ना? मग आता सांगा, वज्र किती आहेत?" आम्ही दिवसभर त्यावर भांडलो.

हे मी तिघांना सांगितलं. सांगता सांगता पहिल्या संध्याकाळच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. माझ्या सरांच्या जोडीला गणित होतं, भूगोल होता, गड होता. फक्त ते कुणी जोडीचं मानलं नव्हतं, रिक्त पद म्हणत होते.

फिनलंडच्या शिक्षकाने विचारलं, "हे सगळं तुमच्या भाषेत?" हो, म्हटलं, दहावीपर्यंत. मग? मग इंग्रजी. त्याला ते समजेना. फिनलंडची वस्ती साधारण छप्पन्न लाख. मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत सगळी एकाच प्रकारच्या शाळेत, दुपारचं गरम जेवण शाळेत फुकट, १९४८ पासून. त्याचं स्वतःचं भौतिकशास्त्र बालवयापासून विद्यापीठापर्यंत फिनिशमध्ये झालं होतं. त्वरणाला त्यांच्याकडे 'कीहतुव्यूस' म्हणतात, ते त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मराठी बोलणारे किती, त्याने विचारलं. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त, मी म्हटलं. तो गप्प झाला.

केनियाचा शिक्षक मात्र मान हलवत होता. त्याची घरची भाषा किकुयू, रस्त्यावरची स्वाहिली, शाळेतली इंग्रजी. तो म्हणाला, "माझा विद्यार्थी उत्तर चुकतो तेव्हा मला आधी शोधावं लागतं, भौतिकशास्त्र चुकलंय का इंग्रजी." त्या टेबलावर हे वाक्य फक्त मला पूर्ण कळलं.

अकरावीच्या पहिल्या आठवड्यात माझ्यापुढे जी मुलं बसतात, त्यांतली निम्मी मराठी शाळांतून येतात. त्वरण, संवेग, जडत्व, विभवांतर हे शब्द त्यांनी दोन-तीन वर्षं वापरून आपलेसे केलेले असतात. एका उन्हाळ्यात ते सगळे परके होतात. अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया. कल्पना तीच असते, पण मुलाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. पहिली चाचणी होते आणि ऑगस्टपर्यंत दहा-बारा जण शाखा बदलतात. कारणाच्या रकान्यात 'अभ्यास झेपत नाही' असं लिहिलं जातं. हे लिहिणं चूक आहे असं मला मनापासून वाटतं. झेपत होतं. दहावीपर्यंत झेपलंच होतं.

जर्मन गृहस्थांची गोष्ट मला शेवटच्या दिवशी कळली. तिकडे बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढे विद्यापीठात जाणाऱ्यांची गिम्नाझियम वेगळी, बाकीच्या शाळा वेगळ्या. याला चौथीच्या बाईंनी बाकीच्या शाळेची शिफारस केली होती. वडील कारखान्यात होते, त्यांनीही तीच योग्य मानली. तिथून वाट बदलून गिम्नाझियमला यायला त्याला कितीतरी वर्षं लागली, आणि ती वाट त्याला दाखवली खेळाच्या शिक्षकाने. "म्हणून मी दोन्ही झालो," तो म्हणाला. दहा वर्षांच्या मुलाला तू इकडे आणि तू तिकडे असं सांगणाऱ्या व्यवस्थेबद्दल तो रागाने बोलत होता, आणि मी मनात आमचा अकरावीचा ऑगस्ट मोजत होते.

परत आल्यावर आधी क्लाउड चेंबर करायचं ठरवलं. पेटी मासे ठेवायची मिळाली, फेल्ट शिंप्याकडे, अल्कोहोल प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्याकडे. अडलं ड्राय आइसवर. तालुक्याच्या गावी ड्राय आइस कुठून आणायचा? आमच्या लॅब असिस्टंटने तोडगा काढला. "मॅडम, लग्नात नवरा-नवरीच्या एन्ट्रीला धूर सोडतात ना, तो त्याचाच असतो." डेकोरेटरला फोन केला. तो म्हणाला, रविवारी लग्न आहे, सोमवारी सकाळी उरलेला पाठवतो.

सोमवारी त्याच्याकडचा मुलगा थर्मोकोलच्या खोक्यातून ड्राय आइस घेऊन आला. पंचविशीचा असेल. हातमोजे त्याचे त्यानेच आणले होते, तुकडे पत्र्याखाली कसे पसरायचे हेही त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. खिडक्यांना काळे कागद लावले, मुलं आठ-आठच्या टोळीने आली. आधी सांगून टाकलं होतं की आज परीक्षेचं काही नाही आणि आज मराठीत बोललं तरी चालेल. पहिली रेघ दिसली ती मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीला. "मॅडम, रेघ! गेली!" मग गलका झाला. कुणी अल्फा मोजतंय, कुणी म्युऑन. पेटीचं नाव त्यांनीच 'ढगपेटी' ठेवलं. वाफेला थेंब का धरता येत नाही यावर दोघांचं चांगलंच जुंपलं, ते मी जुंपू दिलं.

तास संपला, मुलं गेली. डेकोरेटरचा मुलगा दाराशी उभाच होता. मी म्हटलं, ये, तूही बघ. तो पेटीवर वाकला.

"हे वरून येतंय?"

"हो, आकाशातून. रात्रंदिवस."

"म्हणजे मांडवातपण?"

"मांडवातपण. सगळ्यांच्या अंगातून आरपार."

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मी पण सायन्सला होतो मॅडम, अकरावीला. दोन महिने." मी काही बोलले नाही. एक लांब रेघ पेटी ओलांडून गेली.

"हा लई जोरात गेला," तो म्हणाला. "ह्याला त्वरण असतं का एकच वेग?"

मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. ड्राय आइस अजून अर्धा तास पुरणार होता.